न्यायला न जाण्याचं तत्त्व

३ ऑगस्ट १९७३, नागपंचमी
जगदेवी काल सणासाठी माहेरी होटगीला गेली. जाताना विचारत होती, न्यायला कधी येताय? मी तिला शांतपणे समजावलं. नवरा आणायला गेला तरच बायकोनं सासरी परतायचं, ही प्रथा म्हणजे शुद्ध गुलामी. तुला पाय आहेत, गाडी आहे. मन होईल तेव्हा ये. तिनं गाठोडं उचललं. पटलं असावं.
ग्रंथ आजपासून सुरू. नाव ‘माणूस आणि मोह’. घरात शांतता आहे, दोन महिन्यांत संपवतो.

१२ ऑगस्ट, रविवार
पहिलं वाक्य झालं: माणूस मुळात एकटा आहे. मग भाकरी थापायला बसलो. उचलली की तुटते. भाकरी हाही मोहच. शेंगाचटणी नुसती खाल्ली. जगदेवी बरणी भरून ठेवून गेली आहे.
संध्याकाळी सोलापूर स्टेशनवर. मनुष्यस्वभाव पुस्तकात कळत नाही, प्लॅटफॉर्मवर कळतो. होटगीकडची गाडी आली. निरीक्षण: लोक उतरतात आणि घरी जातात.

२ सप्टेंबर, रविवार
घरमालकीण बजाबाई ऐकवून गेल्या. म्हणे, बाईमाणूस आपल्या पायानं माघारी आलं तर लोक म्हणत्यात, नवऱ्याला नको हाय. आणायला जावा की. यालाच समाज म्हणतात. दुसरा चॅप्टर यावरच: ‘लोक काय म्हणतील’. अर्धं पान झालं, मग गाडीची वेळ झाली. अभ्यासात खंड नको.

७ ऑक्टोबर
काल दसरा. ऑफिसात सगळ्यांना सोनं वाटलं. आपट्याचं एक पान घड्याळामागं जगदेवीसाठी ठेवलं. भावनेपोटी नव्हे, उरलं होतं.
चटणी तळाला गेली. बोटानं पुसून खाल्ली. गरज ही मनाची कल्पना आहे, हा पॉइंट ग्रंथात घ्यायचा.

२८ ऑक्टोबर
काल पाडवा. शेजारच्या घरी बायको नवऱ्याला ओवाळत होती, इकडं ताटाचा आवाज येत होता. मला रडू आलं. फटाक्यांचा धूर फार होता. पण रडू त्याच्या आधीच आलं होतं, हे प्रामाणिकपणे लिहून ठेवतो.
आता ती आली तर वाद घालणार नाही. संक्रांतीला इथं सोलापुरात भरणाऱ्या गड्ड्याच्या यात्रेला नक्की येईल. लग्न झाल्यापासून एकदाही चुकवलेली नाही.

१३ जानेवारी १९७४
गड्डा भरला. अक्षतांच्या सोहळ्याला एवढी गर्दी, त्यातल्या जगदेवी नेसते तसल्या प्रत्येक हिरव्या लुगड्याच्या पुढं जाऊन तोंड बघून आलो. एका बाईनं शिव्या दिल्या. जगदेवी नाही.
तिच्यासाठी बांगड्या घेतल्या. तिच्या हाताच्या मापाला माझीच तीन बोटं जुळवून दाखवली, बांगडीवाला हसला.
ठरलं. परवा कॅज्युअल लीव्ह टाकून होटगी. आपलं तत्त्व आपणच मोडलं तर तो पराभव होत नाही.

१५ जानेवारी
होटगीला उतरल्या उतरल्या परतीची दोन तिकिटं काढून ठेवली.
जगदेवी घरी नव्हती. तिथल्या बालवाडीत शिकवते म्हणे. सासूबाई निंगव्वांनी पाणी दिलं, रागावल्या नाहीत. सांगत होत्या, दिवाळीपतूर पोरीनं गाठोडं बांधूनच ठेवलं हुतं. सोलापूरची गाडी वाजली की दारात जाऊन हुबी. पाडव्याच्या रातीला सोडलं बगा गाठोडं.
जगदेवी आली. तिळगूळ दिला, ताट वाढलं, पाहुण्याला घालावी तशी आग्रह करून भाकरी घातली. मी म्हटलं, चल. ती म्हणाली, तुमीच म्हनला न्हवं, मन हुईल तवा ये? लई दिस हुत हुतं. आता हुत न्हाय. आवाजात राग नव्हता. राग असता तर समजूत काढता आली असती. बांगड्या तिनं हातात घेऊन बघितल्या, माप बरोबर होतं, आणि कागदात गुंडाळून परत दिल्या. निघताना शेंगाचटणीची पुडी दिली. जपून खावा म्हणाली.
सोलापूरला गेटवर सवयीनं दोन्ही तिकिटं पुढं केली. टीसी म्हणाला, दुसरं माणूस कुठंय? मी म्हटलं, मागून येतेय.
तो बाजूला सरून थांबला. मीही थांबलो.