शेवटचे सव्वाचार किलोमीटर

मी, दत्तात्रेय अनंतराव लघाटे, वय सत्त्याहत्तर, नहर (कालवे) खात्याचा निवृत्त नक्शानवीस, राहणार प्रेम नगर, झाशी, माझ्या पश्चात काय व्हावे ते लिहून ठेवतो. हात कापतो, म्हणून अक्षर शेजारच्या माधुरीचे आहे, शब्द माझे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. कोणाचा दबाव नाही. दबाव आणायला घरात कोणी उरलेलेच नाही. पत्नी इंदू नऊ वर्षांपूर्वी गेली, मुलगा सलील नोएडात, मुलगी नीरजा ग्वाल्हेरला. नोंदणीची प्रत हिंदीत होईल. ही मराठीत, कारण खोटे मी हिंदीत लिहिले होते. कबुली तरी आईच्या भाषेत द्यावी.

कलम १. घर सलील आणि नीरजा यांचे, निम्मे निम्मे. मधे भिंत घालू नये. घालायचीच झाली तर दोरी लावून घाला, तिरपी भिंत मला मेल्यावरही बघवणार नाही.

कलम २. बँकेत आहे ते सगळे नीरजाचे. आईचे दोन वर्षांचे आजारपण तिने काढले. सलील तेराव्याला आला, तोही कानाला फोन लावून. त्याने यावर वाद घालू नये.

कलम ३. माझी पितळी कंपासपेटी समथरला मेहुणे हरिभाऊ यांच्याकडे आहे. मुलाच्या परीक्षेपुरती म्हणून नेली, त्या मुलाला आता नातू झाला. ती मागून आणावी. हरिभाऊ विसरलो म्हणतील. ते विसरलेले नाहीत.

कलम ४. पलंगाखाली पत्र्याच्या नळीत बेतवा नदीच्या नकाशाचा रोल आहे. खात्याने जुने कागद रद्दीत काढले तेव्हा मी तो घरी आणला. ट्रेसिंग क्लॉथवर, माझ्या हातचा. नदी भोपाळच्या खाली उगम पावते, विदिशेवरून येते, देवगडपाशी खडक कापत वळते, माताटीलाच्या धरणाला अडते. ओरछ्यात देवळांसमोर दिसते तेवढीच लोकांना ठाऊक. पुढे पारीछ्याला ती पुन्हा अडते आणि तिथे तिचे पाणी नहरेत वळवतात; उरलेली हमीरपूरला यमुनेत जाते. नहरेच्या शाखा, शाखांचे रजवाहे म्हणजे पोटकालवे, आणि रजवाह्याचे शेवटचे टोक म्हणजे टेल. या कोरड्या मुलखात माणूस टेलला राहतो की हेडला, यावर त्याचे सगळे ठरते.

समथरच्या पुढे पिपरौंदा नावाचे गाव टेलला आहे. त्याचा रजवाहा १९८८ साली गावाच्या सव्वाचार किलोमीटर अलीकडे थांबला. खडक लागला, ठेकेदार निघून गेला. काम पुरे झाल्याचे कागद मात्र वर पोचले होते. साहेब माझ्या टेबलापाशी आले. "लघाटे जी, लकीर तो पूरी कर दीजिए। पानी भी पहुँच ही जाएगा।" मी पेनात निळी शाई भरली आणि रेघ गावापर्यंत नेली. दहा मिनिटे लागली. रेघ सुरेख आली म्हणून मला बरेही वाटले होते. तेही लिही, माधुरी. साहेब वारले, त्यांचे नाव घालत नाही. हात माझा होता.

२००७ च्या दुष्काळात पिपरौंद्याची शारदा चार बायकांना घेऊन आमच्या कचेरीत आली. टँकर मागत होती. नहर असलेल्या गावाला टँकर नाही, असा नियम. नकाशा घेऊन मला बोलावले. मी रोल उघडला आणि म्हणालो, "नक्शे में तो नहर है।" तसा दाखला सही करून दिला. नवव्या दिवशी तिची अकरा वर्षांची मुलगी गुड्डन कच्च्या विहिरीत गाळातले पाणी भरायला उतरली आणि कड तिच्यावर ढासळली.

शारदा पुन्हा आली. ओरडली नाही, रडली नाही. निळ्या रेघेवर बोट ठेवून तिने यात पाणी कुठे आहे ते विचारले, "बाबूजी, जा में पानी कितै है?"

मी नकाशा गुंडाळला आणि म्हणालो, "साहब से मिलिए।" संध्याकाळी घरी येऊन पोटभर जेवलो. इंदूने विचारले, गप्प का? ऊन लागले, म्हणालो. ती हे न कळताच गेली. मला माझी लाज वाटते. याहून वेगळा शब्द मला सापडलेला नाही.

कलम ५. गेल्या महिन्यात खात्यातला एक तरुण हा रोल मागायला आला. गावांना पाणी देण्याची नवी यादी होते आहे आणि जुना नकाशा त्यांच्याकडे उरलेला नाही. हरकतींची मुदत या महिनाअखेरपर्यंत. पिपरौंद्यात आजही नहर नाही, आणि रोल असाच दिला तर माझ्या रेघेपायी ते पुन्हा यादीबाहेर जाईल. मी त्याला नंतर ये म्हणालो. म्हणून माझ्या मागे सलीलने ती सव्वाचार किलोमीटरची रेघ ब्लेडने खरवडून काढावी. ब्लेड आडवे धरावे, कापडाला भोक पडू देऊ नये. मग सोबतची कबुली कलेक्टर कचेरीत द्यावी. तिची पोच मिळेपर्यंत घराची किल्ली माधुरीचे सासरे रत्नाकर यांच्याकडे राहील.

कलम ६. माझ्या अस्थी ओरछ्याला नेऊ नयेत. नहरेच्या काठाने जावे आणि पाणी जिथे संपते तिथे कोरड्यात टाकाव्यात. आधी शारदाला विचारावे. ती नको म्हणाली तर परत आणून कुठेही टाका. तिला पैसे देऊ नयेत. तिने माझ्याकडे पाणी मागितले होते.

पुरवणी, त्याच दिवशी. इथवर लिहून माधुरीने पेन खाली ठेवले. म्हणाली, "काका, मगर तुम्ही अजून दहा साल जगलात तर?"

पेन्शन, शेजारीपाजारी, मुलांपुढे मान खाली घालणे, सगळ्याचा विचार मी केला होता. शारदाने माझ्या मरणाची वाट पाहत बसावे असे मी कलमात घालत होतो, हे ध्यानात आले नव्हते. भेकडपणाची सवय अशी हाडात मुरते.

कलम ५ रद्द. उद्या सकाळी दहा वाजता रत्नाकर मला त्यांच्या गाडीतून कलेक्टर कचेरीत नेतील, तिथून पिपरौंद्याला. पेन्शन गेली तर जाईल. शारदा दारात उभे करील की नाही, माहीत नाही. बाकीची कलमे आहेत तशी राहतील.

रेघ मी आत्ताच, या दोघांसमोर काढली. हात ठरेना, रत्नाकरांनी मनगट धरले. तरी शेवटी ब्लेड घुसले आणि पिपरौंद्याच्या अलीकडे कापड फाटून बोटभर भोक पडले. ते कोणी चिकटवू नये.

दत्तात्रेय अनंतराव लघाटे
(सही, व सही हलली म्हणून डाव्या अंगठ्याचा ठसा)

आमच्यासमोर वाचून दाखवले, आमच्यासमोर सही झाली:
१. रत्नाकर खेर, निवृत्त फोरमन, प्रेम नगर
२. सौ. माधुरी खेर, त्यांची सून, लिहिणार

झाशी, १८ नोव्हेंबर २०२५