लेकीची सोनोग्राफी आणि माझं यंत्र

३ मार्च, सकाळ
लेक बाळंतपणाला आली आहे. सातवा महिना. डॉक्टरीणबाई म्हणतात, पोट महिन्याच्या मानाने लहान वाटतंय, सोनोग्राफी करून घ्या. लेक म्हणते, करू की नको बाबा? बाळाला त्रास तर नाही ना व्हायचा? या घरात माझं मत विचारलं गेलं, म्हणून तारखेखाली दोनदा रेघ ओढली.
कुणाकडे न शिकता आयुष्यभर रेडिओ दुरुस्त केले. पोटातलं ऐकायला बाहेर कशाला जायचं? संकल्प: त्यांचं मशीन नको. घरचंच यंत्र.

५ मार्च
जुना माइक, हेडफोन आणि चहाची गाळणी. हिने गाळणी मागितली. दिली नाही. हिने चहा माझ्या रुमालातून गाळला. विज्ञानाची कदर म्हणून नाही.

७ मार्च, दुपार
यश! माइक पोटावर अंगठ्याने घट्ट दाबला. ठक्... ठक्... शांत, भारदस्त. आजोबांवर गेलंय. मधेच एक ठोका गाळतं, मग दोन जोडून देतं. लेकीला म्हटलं, खोडकर आहे गं. किती दिवसांनी मोकळं हसली! सोनोग्राफीची वेळ रद्द केली. जावई फोनवर म्हणाले, बाबा, नक्की ना? माझ्या कानावर संशय!

१० मार्च, दुपार
लेक आतल्या खोलीत झोपली होती. ही म्हणाली, जरा माझ्या गुडघ्याला लावा. लावलं. ठक् ठक्. ही म्हणाली, आता उशीला. उशीलाही ठोके. तेही मधेच गाळून. यंत्र फारच संवेदनशील आहे. हिने उशी माझ्या हातातून काढून घेतली.

त्याच दिवशी, संध्याकाळ
लेक म्हणाली, आज बाळ फारसं हललं नाही. झोपलं असेल, म्हटलं. मला जेवण गेलं नाही. मीठ जास्त होतं. बाकी कुणाला लागलं नाही.
मीच डॉक्टरीणबाईंना फोन केला. म्हणाल्या, थांबू नका, आत्ताच घेऊन या. निघतोय. यंत्र चुकलं म्हणून नव्हे. आपलं तुलनेसाठी.

११ मार्च
काल सोनोग्राफीच्या अंधाऱ्या खोलीत लेकीने माझा हात धरला. मी दुसऱ्या हातानेही तिचा घट्ट धरला. एसी फार होता. मग बाळाचा ठोका ऐकू आला. माझ्या ठक्ठकीच्या दुप्पट वेगाने, उतारावरून धावत सुटल्यासारखा! चणीने लहान, पण ठणठणीत, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. एसीमुळे माझ्या डोळ्यांतूनही पाणी आलं.
मग मला विचारलं, आजोबा, तुम्ही काय ऐकलं होतंत? मी ऐटीत त्यांच्या टेबलावर करून दाखवलं. हेडफोन त्यांच्या कानाला. टेबलालाही ठोके होते. बाईंनी माझा अंगठा माइकवरून उचलला. टेबल गप्प.
लेक इतकी हसली की बाळाने लाथ मारली.
बाई हसल्या नाहीत. बराच वेळ माझं मनगट धरून बसल्या. म्हणाल्या, हा मधला ठोका कधीपासून गळतोय?

१२ मार्च
उद्या माझ्या छातीची सोनोग्राफी. मी म्हटलं, मला कशाला मशीन? लेक म्हणाली, बाबा, घाबरायचं नाही. दुखत नाही. मी हात धरते.
गाळणी जागेवर ठेवली.