साहेबांचा हुकूम आणि माझी मिशी

शनिवार पेठ, पुणे

तीर्थस्वरूप दाजींना,

दिगंबरचा वाकून नमस्कार. देवाच्या दयेने इकडे सारे ठीक आहे, म्हणजे यमुना माझ्याशी बोलत नाही एवढे सोडले तर. तुमच्या डोळ्याचे ऑपरेशन नीट झाले हे कळल्यावर कुलदैवताला नारळ फोडला. पट्टी सुटेपर्यंत उन्हात जाऊ नका, डोळ्याला पाणी लागू देऊ नका. आमचे आबा लेकीकडे तुमच्या सोबतीला येऊन राहिले आहेत आणि या वयातही चष्म्याशिवाय पेपर वाचतात, असे आक्का म्हणाली. फार समाधान वाटले. (खरे तर फोनच केला असता, पण तुमच्याकडे फोन आबाच उचलतात. तो का नको, ते पुढे येईल.)

तर आमचे नवे साहेब मध्यंतरी हिंजवडीला एका कॉम्प्युटर कंपनीत बंदोबस्ताची पाहणी करायला गेले. तिथली गळ्यात पट्टे अडकवलेली, गुळगुळीत चेहऱ्याची पोरे पाहून त्यांना साक्षात्कार झाला की पुणे बदलले, पोलीस तेवढा राहिला. लगेच हुकूम निघाला. मिशी, कपाळाचे गंध, मनगटाचे दोरे, रंगवलेले केस, उघडे गोंदण, सगळे बंद. चेहरा कोरा असला की नागरिकाला विश्वास वाटतो म्हणे. (चौकीचे छत गळते, त्याचा अर्ज कित्येक वर्षे त्याच छताखाली भिजतो आहे. ओठावरचे केस मात्र एका दिवसात मार्गी लागले.) आणि रोज सकाळी हजेरीला हे सारे तपासायचे काम आले माझ्याकडे, कारण मी देवभोळा, ना कुणाच्या अध्यात ना मध्यात.

अझीमचे केस मेंदीने लाल. त्याला म्हटले, हे उतरव. तो म्हणाला, "हवालदार, मेंदी उतरत नसते, केसाबरोबर पुढे सरकते. माझ्या निवृत्तीपर्यंत कळ काढा." शंभूच्या हातावर 'पूर्णिमा' गोंदलेले आणि बायकोचे नाव दीपमाला. हुकूम ऐकून त्या माउलीने साहेबांना पेढे पाठवले. हे चालू असताना दारात एक बाई केव्हाची उभी होती, तिची पर्स कुणी पळवली होती. शेवटी ती म्हणाली, "अहो, चोराला मिशी होती का ते मी पाहिलं नाही. तरी तक्रार चालेल ना?"

कोंडीराम म्हणाला, "आधी तुमची उतरवा, मग आमच्या ओठाकडं या." मला ते पटले. लोकांना सांगावे ते आधी स्वतः करावे, असे गावच्या शाळेत गुरुजींनी शिकवले होते. (गुरुजींना भरघोस मिशी होती, हे ऐनवेळी आठवले नाही.) तडक न्हाव्याकडे गेलो आणि डोळे मिटून बसलो.

आता दाजी, आपल्याकडे मिशी कधी उतरते हे तुम्हाला काय सांगू! बाप गेल्यावर. हे माझ्या ध्यानात आले ते न्हाव्याने हळूच रेडिओ बंद केला तेव्हा. तोवर अर्धी गेली होती. (अर्धी ठेवून उठणे ना हुकुमात बसत होते ना धर्मात.) मंडईत सोजरबाईने, जी कोथिंबिरीची काडी कुणाला फुकट देत नाही, तिने अख्खी जुडी पिशवीत टाकली. म्हणाली, "पिकलं पान होतं, भाऊ. मनाला लावून घेऊ नका." घरी यमुनेने दार उघडले आणि हंबरडा फोडला. खरे कळल्यावर दुसरा फोडला. "मामंजी जित्ते हायेत आन् तुम्ही ओठ उघडा करून आलात! उद्या सायेब म्हनंल धोतर सोडा, तर सोडाल का?" तेव्हापासून अबोला.

दुसऱ्या दिवशी पाहतो तो कोंडीरामसकट सगळ्यांच्या मिशा जागच्या जागी. हुकुमाची तामील दाखवावी म्हणून मी साहेबांपुढे मान वर करून उभा राहिलो. साहेब खुर्चीतून उठले, टोपी काढली. (तेही मूळचे खेड्यातलेच. हुकूम कालचा, संस्कार जन्माचे.) म्हणाले, "दिगंबरराव, कधी झालं हो? कळवलं नाहीत." दाजी, देवाशपथ, मी खोटे बोललो नाही. तोंडून 'हो' गेले नाही, फक्त 'नाही' म्हणायचे राहिले. त्यांनी तेराव्यापर्यंत रजा दिली आणि लोकांच्या भावनांचा प्रश्न आहे म्हणून हुकूमही मागे घेतला. म्हणजे आज सबंध चौकीत बिनमिशीचा मी एकटा. अझीमला खरे ठाऊक आहे. तो म्हणतो, "हवालदार, आबा जिवंतपणी केवढं काम करून गेले!"

आक्काला आणि आबांना नमस्कार सांगावा.

आपला,
दिगंबर

ता. क. आबा तुमच्याकडेच गेले अशी साहेबांची समजूत आहे, म्हणून ते येत्या रविवारी सांत्वनाला जातीने तिकडे येणार आहेत. लोणी काळभोरच्या पुढचा रस्ता त्यांनी नीट विचारून घेतला आहे. तेव्हा त्या दिवशी आबांना सकाळीच मळ्यात पाठवावे आणि दिवस मावळेपर्यंत परतू देऊ नये. आक्काला थोडे रडता आले तर बरे. पत्र एवढ्यासाठीच.

ता. क. पाकीट चिकटवताना ध्यानात आले. तुमच्या डोळ्याला पट्टी, आक्काला अक्षर लागत नाही, मग हे पत्र तुम्हाला वाचून कोण दाखवते आहे? दुसरे लिहायला बसलो होतो, पण समोर देवापुढे दिवा तेवत होता, खोटे काही सुचेना. तेव्हा, आबा, दंडवत. मिशी वाढते आहे. रविवारी मळ्यात जाल ना?