सुमनताई आणि पालथे दहा दिवस

प्रिय सुमनताई,

प्रिय लिहिताना हात अडखळला, खोटं कशाला सांगू? तू गेल्यावर दोन वर्षांनी मी लग्न होऊन या घरात आले. नऊ वर्षांत तुझं नाव स्वतःहून कधी घेतलं नाही, आणि आज तुलाच लिहिते आहे. काल यांच्या डोळ्याची महिन्याची तपासणी झाली. मनात जे साचलंय ते तुझ्याशिवाय कुणाला सांगू?

दसऱ्याआधी झेंडू तोडताना यांच्या उजव्या डोळ्यापुढे काळे ठिपके नाचायला लागले. मग एका बाजूनं अंधार सरकत आला. चार दिवस हे बोललेच नाहीत, तोड संपायची वाट पाहत राहिले. तुझ्या वेळीही असेच होते का गं? शेवटी अकोटहून एसटीनं अमरावतीला गेलो. डॉक्टर म्हणाले, डोळ्याच्या मागचा पडदा सुटलाय, उशीर केलात, परवाच ऑपरेशन करू.

भरतीच्या वेळी सिस्टरनं बायकोचं नाव विचारलं. शुगरचे, बीपीचे कागद धरून मी शेजारीच उभी होते. घाबरलेले हे म्हणाले, "सुमन." तिनं लिहूनही टाकलं. मग संमतीच्या कागदावर मी 'शोभा' अशी सही केली, तेव्हा तिनं मान वर केली. "मग तुम्ही कोण?"



ऑपरेशन नीट झालं. डोळ्यात गॅसचा बुडबुडा सोडला होता. तो पडद्याला दाबून धरणार, म्हणून दहा दिवस पालथं झोपायचं, बसलं तरी मान खाली. उंचावर गॅस फुगतो, तेव्हा तो विरेपर्यंत चिखलदऱ्याला जायचं नाही, असंही बजावलं. तुला लग्नाच्या वर्षीच नेलं होतं ना तिथे? मला न्यायची वेळ या दिवाळीनंतर येणार होती. तीही गेली.

घरी आल्यावर घास मी भरवायचे, नळीनं पाणी मी पाजायचे, अवघडलेली मान मी चोळायचे. आणि हे जमिनीकडे तोंड करून बोलायचे तुझ्याबद्दल. तू गजरे किती भरभर गुंफायचीस, कशी हसायचीस. तू अजून सव्वीसचीच आहेस, ताई. माझे गुडघे दुखतात, केस पिकायला लागलेत. तुझ्याशी बरोबरी करू तरी कशी?

सहाव्या दिवशी विचारलंच, "मी तुमाले दिसतच नाही का?"

हे म्हणाले, "तिचा चेहरा आठवून राहिलो, शोभा. येतच नाही. डोया गेला त वाटलं, आता थे बी गेली." तू गेलीस तेव्हा हे फुलं घेऊन अकोल्याच्या बाजारात होते, शेवटचं पाहणंही झालं नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

आता माझंही ऐक. मी आले त्याच वर्षी घराला रंग देताना तुझा फोटो उतरवला आणि काच फुटली म्हणून सांगितलं. काच फुटली नव्हती. फोटो माझ्या पेटीत, साड्यांखाली होता. चुकलं माझं.

मी तो काढला आणि यांच्या तोंडाखाली फरशीवर ठेवला. चांगल्या डोळ्यानं हे पाहत राहिले, पाहत राहिले. मला ते बघवेना. मी उठले, तर हे म्हणाले, "किती लहान होती थे. आपल्या रूपाची मोठी बहीण वाटते." तुझ्या लेकीला 'आपली' म्हणाले. आणि मग, "जाऊ नको. खाली ये. तू बी दिस मले."

मी फरशीवर तुझ्या फोटोशेजारी आडवी झाले. दोघींना त्यांनी एकदम पाहिलं. तेव्हाही माझ्या मनात काय आलं असेल? तूच जास्त देखणी आहेस, हेच. पण मी रडले ते मात्र तुझ्यासाठी.

काल डॉक्टर म्हणाले, पडदा चिकटलाय, नजर थोडी धूसर राहील. तुझा फोटो आता ओसरीवर लावला आहे. रोज शेवंतीचा हार घालीन, कुणी विचारलं तर ही आमच्या रूपाची आई म्हणून सांगीन, हा माझा शब्द. पण यांच्या डोळ्यात थेंब टाकायचे ते मीच टाकणार. दिवसातून चारदा यांचं डोकं माझ्या मांडीवर असतं. तेवढा वेळ, ताई, तू दुसरीकडे पाहा.

तुझी, अजूनही जळणारी,
शोभा