पाणी कुठं पितो ते सांगा, भाऊजी

प्रिय वहिनी,

तुम्हाला जाऊन येत्या पंधरवड्यात वर्ष होईल. परवा दादानं मला मुद्दाम घरी बोलावलं आणि वर्षश्राद्धाच्या जाहिरातीसाठी चार ओळी मागितल्या. फोटो त्यानं निवडून ठेवलाय. डोक्यावर पदर, नजर खाली, तोंडावर फोटोग्राफरनं सांगितलेली शांतता. मजकूरही त्याच्या मते ठरलेलाच होता.

"सोशिक, मनमिळाऊ, देवभोळी. तू फकस्त बराबर लावून दे. पेपरात लिहितूस ना!"

वहिनी, मी वीस वर्षं पेपरात लोकांची सालं काढतोय, पण इतकं खोटं लिहायची पाळी माझ्यावर कुणी आणली नव्हती. आपल्या जिल्ह्यात मेलेली प्रत्येक बाई सोशिक असते, हे तुमच्या लक्षात आलं होतं का? जिवंतपणी एकमेकींच्या झिंज्या उपटणाऱ्या बायासुद्धा चौकटीतल्या फोटोत गेल्या की मनमिळाऊ! आणि दादानं वर बजावलं, "ते शेंगांचं, भुताखेतांचं काई लिहू नको. लोक म्हणतेन, बाईला येड लागल्तं."

म्हणून हे पत्र. जाहिरातीच्या चौकटीत मावणार नाही. न मावो! माझं सदर आहे, त्यात टाकतो. दादाला काय करायचं ते करू दे.

आठवतो तो दिवस? तुम्ही लग्न होऊन आलात त्यानंतरचा पहिला उन्हाळा, ब्याऐंशीचा असेल. पेरणीचं बी काढायला आईनं भुईमुगाचं पोतं माजघरात रिकामं केलं होतं आणि हाताला लागेल त्याला ढिगाभोवती बसवलं होतं. चुलतभाऊ दिलीप पुण्याहून सुट्टीला आला होता. इंजिनिअर होऊ घातलेला, म्हणून शेंगा फोडण्यात अगदीच कुचकामी. त्यानं होस्टेलवरून झेरॉक्स कागदांचं एक बाड आणलं होतं. परदेशी खेळ म्हणे. एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतला एकेक माणूस व्हायचं, आणि लढाईत जिंकला की मेला, ते फासे टाकून ठरवायचं. कागदावर पहिलंच चित्र पंखवाल्या, आग ओकणाऱ्या अजगराचं. सोन्याच्या ढिगावर वेटोळं घालून बसलेला.

"शेकडो वर्षं असाच बसलाय," दिलीप म्हणाला. "हलत नाही."

तुम्ही मान वर केलीत. नवी सून, तोवर घरात चार शब्द बोलला नसाल.

"मंग पाणी कुठं पितो?"

दिलीपनं कागद खालीवर केले. "पाण्याचं काही लिहिलेलं नाही, वहिनी."

"मंग मेला आसंल कवाच. पोरायला फुकट भेव दाखवून राह्यले!"

आई तोंडाला पदर लावून हसली आणि लगेच म्हणाली, "सूनबाई, हात चालू द्या."

हात चालूच राहिले. पण त्या दुपारपासून खेळ तुमचा झाला. दिलीपचे कागद आठवडाभरात चुलीत गेले. फासे नव्हते, तर तुम्ही ढिगातली एक शेंग उचललीत. "ज्याचा डाव त्यानं शेंग फोडायची. तीन दाणे निघले तर फत्ते. दोन निघले तर निभावलं. एक निघला तर फसला." आणि पोचट निघाली तर? "पोचट निघली तर माणूस मेला. रडी न्हाई."

आईला वाटायचं, सूनबाईनं काय जादू केली, पोरं पोतीच्या पोती फोडून राह्यली! गल्लीतली पोरंसुद्धा स्वतःहून येऊन बसायची. दाणा तोंडात टाकला तर एक डाव बाद, असा नियम करून तुम्ही बियाण्याची राखणही केलीत. हे देवभोळ्या बाईचं डोकं का हो?

मी तेव्हा ओठावर मिसरूड फुटलेला, अंगात वारं भरलेला. खेळात मी सुभेदार झालो. तलवार येते, घोडा येतो, पोहता येतं, मंत्र येतात.

"आन काय येत न्हाई त्याला, भाऊजी?"

"सगळं येतं."

"सगळं येणारा माणूस हितं शेंगा फोडत कशाला बसंल?"

सगळे हसले. मी चिडून काहीतरी बोलायचं म्हणून बोललो, "कोंबडीला भितो!" तुम्ही मात्र हसला नाहीत. "आता जमलं," म्हणालात. आणि पुढच्या महिनाभरात माझ्या सुभेदाराला कुठल्या किल्ल्यात, कुठल्या भुयारात कोंबडी आडवी आली नाही ते विचारा! पण एवढं खरं, त्या दिवसापासून तो माझा सुभेदार झाला. त्याआधी तो नुसती तलवार होता.

जनावरं बनवायची तुमची रीत अजून मला तोंडपाठ आहे. कुणीही काहीही आणावं, सात डोक्यांचं, आगीचं, धुराचं. तुम्ही नाव विचारायचा नाहीत, ताकद विचारायचा नाहीत. एवढंच विचारायचात, "पाणी कुठं पितो ते सांगा." ज्याला सांगता आलं नाही त्याचं जनावर खेळात यायचं नाही. मग ढेंगळ्या आला: एक पाय वडीगोद्रीत, एक पाय शहागडात, ढगात डोकं. पण पाणी प्यायला त्याला गोदावरीवर पालथं पडावं लागायचं, आणि मारायचं तर तेवढ्यातच. पायपुश्या आला: उंबऱ्यापाशी गोणपाटासारखा पडून राहायचा, त्याच्यावर पाय पडला की माणूस कुठं निघाला होता तेच विसरायचा. तो पाहुण्यांच्या पाय धुतलेल्या पाण्यावर जगायचा. दुष्काळात पाहुण्याला पाय धुवायला पाणी देणं बंद झालं, तेव्हा बिचारा वाळून मेला. आम्ही पोरं हळहळलो होतो त्याच्यासाठी!

आणि हुंक्या.

हुंक्याबद्दल लिहू नको, असंच दादाला म्हणायचं होतं. तर आधी तेच लिहितो. त्या दिवशी दादा ओसरीवर पानाचा डबा घेऊन बसला होता. तुम्ही सांगत होतात, "हे जनावर दिसायला माणसासारखं. कोपऱ्यात बसतं. त्याच्याशी काईबी बोला, ते म्हणतं, हूं. बाईला वाटतं, आपलं माणूस ऐकून राह्यलं. ती बोलते, बोलते, वर्सानुवर्सं बोलते. आन एक दिवस दिवा घेऊन जवळ जाऊन बघते, तर आत कुणीच न्हाई."

"पाणी कुठं पितो?" सगळी पोरं एकदम ओरडली.

"बसल्या जाग्यावर. कुणीतरी तांब्या आणून देतंच की!"

आई खाली मान घालून शेंगा फोडत राहिली, पण तिचे खांदे हलत होते. तुम्ही ओसरीकडं बघून आवाज चढवलात, "अहो, ऐकलं का? जनावर कसं वाटलं?"

दादा म्हणाला, "हूं."

वहिनी, त्या दुपारी ढिगातल्या शेंगा पोरांच्या हसण्यानं घरंगळल्या होत्या. अशी बाई सोशिक?

तुमच्याबद्दल तक्रारी माझ्याही आहेत. माझा सुभेदार वारला तो दिवस! हुंक्याच्या गुहेच्या तोंडाशी शेंग फोडली आणि आत दोन वाळके पापुद्रे. पोचट. मी म्हणालो, दुसरी फोडतो. तुम्ही म्हणालात, न्हाई. एवढा मोठा घोडा झालेलो मी, डोळ्यांत पाणी आलं. "पोचट म्हंजे पोचट, भाऊजी. तुमच्यासाठी एक नेम आन बाकीच्यायला दुसरा, आसं केलं तर उद्या कोण खेळंल?" मी दोन दिवस तुमच्याशी बोललो नाही. तुम्हीही समजूत काढायला आला नाहीत. इतका कडकपणा कशाला हो?

आता तुम्हाला सांगायला हरकत नाही, माझा सगळा धंदा त्या एका प्रश्नावर चाललाय. पुढारी असो, साखरसम्राट असो, हवेत हात फिरवणारा बुवा असो, लिहायला बसलो की मी आधी तुमच्या आवाजात विचारतो, हा पाणी कुठं पितो? उत्तर सापडलं की लेख तयार. लोक म्हणतात, काय निरीक्षण! मी म्हणतो, हूं.

दिलीपचा मुलगा पुण्यात कॉम्प्युटरवर तसलेच खेळ खेळतो. मला दाखवत होता, डोंगराएवढे राक्षस, काय त्यांची कातडी, काय नखं! मी विचारलं, पाणी कुठं पितो रे? तो म्हणाला, "काका, ह्याची पॉवर बघा ना!" मी बघितली. मेला आसंल कवाच.

परवाचं राहिलंच. मी दादाला स्पष्ट सांगितलं, चार ओळी लिहिणार नाही. लिहीन तर खेळाबद्दल लिहीन. तो चिडला. "घरातल्या बाईचा पेपरात तमाशा करतूस?" मी म्हणालो, तमाशा नाही, ती जे करत होती ते लिहितोय. तिनं जनावरं घडवली, माणसं घडवली, मला घडवलं. तुझ्या त्या तीन शब्दांत ती कुठं बसते? बराच वेळ आमची जुंपली. शेवटी तो उठला, दारापर्यंत गेला, आणि पाठमोराच म्हणाला,

"लिही तुला काय लिहायचं ते. त्या हुंक्याचं तेवढं नको."

म्हणजे, वहिनी, तो ऐकत होता! पंचवीस वर्षं त्याला माहीत होतं. हुंक्याच्या आत माणूस होता हो. मग त्यानं दुसरा एखादा शब्द का नाही काढला कधी? मी विचारलं तसं. तो म्हणाला, "तिच्यापुढं काय बोलावं, सुचायचंच न्हाई." आणि तांब्या उचलून स्वतःच रांजणाकडं गेला.

मला त्याची दया आली, पण तरी मी हुंक्या लिहिलाच. दया आली म्हणून लपवायला लागलो तर तुमचा नियम मोडला असता.

एक गोष्ट मात्र मला वर्षभर सलते आहे. तुम्ही गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही एक माणूस होऊ दिलंत. स्वतः कधीच कुणी झाला नाहीत. "मी सांगणारी," म्हणायचात. गोदावरीच्या काठावर वाढलेली पोर आमच्या कोरड्या गावात दिली, उन्हाळाभर मळ्यातल्या विहिरीवरून दोन-दोन घागरी आणायची, आणि घरी येऊन विचारायची, पाणी कुठं पितो. आम्ही हसायचो. तुम्ही कुठं पिता, हे आम्ही कुणीच विचारलं नाही. विचारलं असतं तर तुम्ही शेंगांच्या त्या ढिगाकडं बोट दाखवलं असतं, असं मला आता वाटतं. एवढ्या वर्षांत तुमच्यासाठी पाणी होतं ते तिथंच. आणि आई गेल्यावर, पोरं पांगल्यावर, बी बाजारातून फोडलेलंच यायला लागल्यावर आम्ही तेही आटू दिलं.

पुरे. तुम्हाला रडकं आवडत नाही.

तर वचन देतो, वहिनी. वर्षश्राद्धाचं जेवण झालं की माजघरात पोतं रिकामं करणार आहे. दिलीपला सांगितलंय, पोरासकट ये. दादाला ढिगाजवळ बसवणार, ओसरीवर नाही, आणि त्याला काहीतरी व्हावं लागेल. नुसत्या हूंवर सुटका नाही. या खेपेला सांगणारा मी. तुम्ही खेळात. नाव तुमचंच राहील. काय येत नाही? गप्प बसता येत नाही. पाणी कुठं पिता? ते आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवू. एवढं तर आम्हाला जमेलच.

पहिली शेंग तुमच्या नावानं मी फोडीन. पोचट निघाली तर दुसरी फोडीन. ती पोचट निघाली तर तिसरी. तीन दाण्यांची निघेपर्यंत अख्खं पोतं फोडीन, पण तुम्हाला मेलेलं मानणार नाही. रडी म्हणा. नियम मोडला म्हणा. उठून या आणि भांडा माझ्याशी!

तुमचा,
कोंबडीला भिणारा सुभेदार