भिंतीवरची बाई

९ ऑक्टोबर

प्रिय ताई,

नमस्कार. कशी आहेस हे विचारायला तोंड नाही, तरी विचारतो. आम्ही ठीक आहोत. तुझ्या भावजयीचा खोकला थांबला. एकाच गावात राहून पत्र लिहितो म्हणून हसशील, पण समोर उभं राहायचं धाडस होत नाही.

साहेबांचं नवं सभागृह पाहिलंस? दारं मुद्दाम बुटकी ठेवलीत. साहेब आत शिरले की डोकं चौकटीला लागेल असं वाटतं. प्रत्यक्षात ते माझ्या खांद्याला लागतात! बडा घर पोकळ वासा म्हणतात तो हाच.

तुमच्या गल्लीपुढची भिंतही त्यांच्यासाठीच, मोटारीतून जाताना गल्ली दिसू नये म्हणून. तिच्यावर घरं, कुंड्या, खिडक्यांत हसरी माणसं रंगवायचं काम माझ्याकडे होतं. मला एकच चेहरा पाठ, तुझा; तोच तुझ्या खिडकीसमोर काढला. परवा मोटारीतून जाताना साहेबांनी त्या रंगवलेल्या बाईला हात केला. पेपरात फोटो आलाय. सगळे हसले. मीही हसलो.

आता खरं सांगतो. भिंतीआधी मुकादम यादी घेऊन आला होता. माणसं राहतात तिथे भिंत घरापासून दोन हात सोडून, रिकाम्या घराला मात्र चिकटून बांधायची, असा नियम. तुझ्या खिडकीपाशी थांबून म्हणाला, "इथं तुझं कोणी राहतं का? गल्लीवाल्यांचे नातेवाईक कामावर नकोत, वरून सांगितलंय."

मी म्हणालो, "छे हो. रिकामंच आहे ते."

खिडकी तेव्हा बंद होती, त्याला पटलं. भिंत तुझ्या खिडकीला चिकटूनच उभी राहिली. त्याच खिडकीशी मशीन ठेवून, लोकांचे कपडे शिवून तू मला वाढवलंस. हे ठाऊक असून बोललो. लाज वाटते गं, फार लाज वाटते.

रंगवत होतो तेव्हा आतून तुझा आवाज आला. "अहो पेंटर, एवढी एक वीट काढा ना. भरदिवसा सुईत दोरा ओवता येत नाही हो."

आयुष्यात पहिल्यांदा तू मला अहो म्हणालीस. मी ब्रश धरून तसाच उभा राहिलो. मग तू दोनदा भिंत ठोठावलीस.

आज मुकादमाला खरं सांगितलं. काम गेलं. भिंतीला हात लावायचा नाही म्हणाला. तरी उद्या सकाळी मी छिन्नी-हातोडा घेऊन येतोय; हे पत्र आज रात्रीच तुझ्या दाराखालून सरकवतो. खिडकीपासून जरा लांब बस. बाहेरून पहिला घाव तुझ्या चेहऱ्यावरच घालावा लागेल, दुसरी जागा नाही.

हाकेला ओ न दिलेला,
तुझा धाकटा