उजवीकडचा रकाना

वाशी, २ जानेवारी १९८४

ती. अरुणाआत्यास,
मीनाचा सा. न. वि. वि.

इकडे सगळे मजेत, म्हणजे दादा-वहिनी मजेत. माझं भरती-ओहोटीच्या पाठाचं टाचण आज तिसऱ्यांदा परत आलं. पानाच्या डावीकडे आपण विचारायचे प्रश्न आणि उजवीकडच्या रकान्यात मुलांची अपेक्षित उत्तरं लिहायची असतात. मी तिथे पुस्तकातली वाक्यं उतरवली होती. आमच्या मार्गदर्शक बाईंनी लाल शाईने विचारलंय, चौथीतलं मूल असं बोलतं का?

अठरा तारखेला खाडीकाठच्या गावातल्या शाळेत पाठ आहे. टाचणावर सही नाही तर पाठ नाही, आणि पाठ नाही तर डी.एड.चं वर्ष फुकट. बाबांनी टायपिंगच्या क्लासची चौकशी करूनच ठेवली आहे. तुझी पंचवीस वर्षांची टाचणं माळ्यावर असतील ना? एक धाड, मी कोणाला सांगणार नाही.

कृपा असू दे, आणि पार्सल लवकर येऊ दे.
तुझी मीना

वाई, ६ जानेवारी १९८४

चि. मीनास,
अ. उ. आ.

टाचण मिळणार नाही. आळशीपणात बापावर गेलीस, हे त्यालाही कळव. शिवाय मी भरती कधी डोळ्यांनी न बघताच शिकवली. माझं टाचण तुझ्याहून वाईट आहे.

ती मुलं तुझ्यापासून अशी किती लांब आहेत? जाऊन बस त्यांच्यात. जे म्हणतील ते त्यांच्याच शब्दांत लिही. भिऊ नकोस गं. पहिल्या पाठाआधी तीन दिवस मला जेवण गेलं नव्हतं.

माया आहे तशीच आहे, तू जेवत जा.
अरुणाआत्या

वाशी, ११ जानेवारी १९८४

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

काल वहिनीला घेऊन गावात गेले आणि घोटाळा करून आले. धक्क्यावर दमयंती नावाची चौथीतली मुलगी भेटली. पाणी वरपर्यंत कधी येईल असं विचारलं, तर म्हणाली, "आज नाय येनार. भांग हाय." मी हसले, आणि लहान तोंडी नशापाण्याच्या गोष्टी शोभत नाहीत म्हणून वर तिलाच सुनावलं. ती तडक घरात गेली. तिची आजी चंद्राबाई दारात जाळं विणत होती. तिने समजावलं, की अष्टमीच्या सुमारास पाणी कमी चढतं तो भांग, आणि पुनवेला-अवसेला चढतं ते उधाण. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हाका मारूनही पोरगी बाहेर आली नाही.

चंद्राबाईने सांगितलं तसा रकाना भरला. पण बाई म्हणतात, भांग हा गावंढळ शब्द आहे, काढून टाक. सही पुन्हा अडली. मला तो काढवत नाही. काय करू?

रागावलीस तरी उत्तर धाड.
मीना

वाई, १४ जानेवारी १९८४

चि. मीनास,
अ. उ. आ. तिळगूळ घे.

वरच्या वर्गाच्या भूगोलात 'भांगाची भरती' असं चक्क छापलंय. आज उघडून खात्री केली. ते पान सोबत घातलंय, बाईंपुढे धर, पण नम्रपणे. त्या पोरीची माफी मात्र तुलाच मागायची आहे.

घाईत आहे, प्रेमात कमी समजू नकोस.
अरुणाआत्या

वाशी, १८ जानेवारी १९८४

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

बाईंनी ते पान वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं आणि सही केली. आज पाठ झाला. दमयंती दुसऱ्या रांगेत मान खाली घालून बसली होती. प्रस्तावना बाजूला ठेवून आधी मी वर्गाला सांगितलं, की भांग म्हणजे काय हे मला माहीत नव्हतं, आणि जिने सांगितलं तिलाच मी रागावले, चूक माझी. हे टाचणात नव्हतं. बाई मागे बसून भराभर काहीतरी लिहायला लागल्या. दमयंतीने वर पाहिलंही नाही.

पण पाठ पास झाला, आत्या! बाईंनी पुढचे पाठही याच शाळेत दिलेत.

आणि खरं सांगायचं ते हे. पाठात मी आपल्या गावच्या नदीचा विषय काढला होता. पाठ संपता संपता दमयंतीने हात वर केला. तिनेच मला प्रश्न विचारला, "बाई, तुमच्या गावच्या नदीचं पानी मागारी येतं का?" मी म्हटलं, नाही गं, एकदा गेलं की गेलं. तर माझी कीव आल्यासारखी ती म्हणाली, "मंग तुमी आमच्याकडं येत जावा बगायला."

आज पौर्णिमा. मधल्या सुट्टीत तिनेच हाताला धरून मला धक्क्यावर नेलं.

तुझा लोभ आहे तेवढा पुरे, कमी करू नकोस.
तुझी मीना